सराव नसलेला निरोप

नांदेडला आमच्या गल्लीत कुणी विचारलं की मी म्हणते, मी अधिकाऱ्यांना शिकवते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. काय शिकवता? मी सांगते, संकटात एकमेकांशी बोलायला. ऐकणारा हसतो. बोलायला शिकवणी कशाला लागती, बाई?

लागते. बस दरीत गेली, पूर आला, कारखान्यात स्फोट झाला, की पोलीस, महसूल, दवाखाना, अग्निशमन, वीज, एसटी असे सगळे धावतात. धावण्यात कुणी मागं राहत नाही. पण कुणी कुणाचं ऐकायचं, बातमी कुणाकडं आणून टाकायची, आलेला पाण्याचा टँकर कुठं उभा करायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर धावणारी माणसं एकमेकांच्या पायात पाय घालतात. मी तालुक्या-तालुक्यात जाऊन हे ठरवायला लावते. टेबलावर मोठा नकाशा, भोवती सगळ्या खात्यांची माणसं, आणि मी रचलेलं एक खोटं संकट. भोकरला घेतलं, रेणापूरला घेतलं, इतरही बऱ्याच ठिकाणी घेतलं.

या कामाकडं मी वळले त्याला कारण आहे. किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. आमची बौद्धांची घरं गावाच्या कडेला, कुडाची आणि पत्र्याची. मातीच्या जाड माळवदाखाली जितकी माणसं गेली तितकी आमच्याकडं गेली नाहीत. पण माझा धाकटा भाऊ त्या रात्री दोस्ताच्या घरी झोपला होता, आणि ते घर दगडाचं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर एक साहेब आले आणि बाबांना विचारलं, तुमच्या घरातले किती गेले? बाबांनी सांगितलं. थोड्या वेळानं दुसऱ्या खात्याचा माणूस आला. त्यानंही तेच विचारलं. बाबांनी पुन्हा सांगितलं. मग तिसरा आला. त्याला बाबा काही बोलले नाहीत. नुसतं एक बोट वर केलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यातला कुणीच वाईट माणूस नव्हता. आधी येऊन गेलेल्याची खबर त्यांना नव्हती, एवढंच.

ज्या दिवसाचं सांगतेय तो काही वर्षांमागचा. माघ महिना, ऊसतोडीचा जोर. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंचायत समितीच्या सभागृहात सराव ठेवला होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच अवघडल्यासारखं होईल.

तहसीलदार एक तरुण बाई होत्या. नव्यानं रुजू झालेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. पोलीस निरीक्षक उदगीरकडचे, अंगानं दांडगे, आवाजानं त्याहून दांडगे. लातूरहून अग्निशमनचे एक अधिकारी आले होते, केस पिकलेले, मोजकं बोलणारे. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर होते, वीज कंपनीचे अभियंता होते. बिनतारी सांभाळायला ठाण्यातली एक महिला कॉन्स्टेबल दारापाशी टेबल मांडून बसली होती.

सरावाचा नियम मी सुरुवातीलाच तीनदा सांगते. प्रत्येक निरोप 'सराव' या शब्दानं सुरू करायचा आणि त्याच शब्दानं संपवायचा. कारण बिनतारीवर बाहेरचेही कान असतात. त्या दिवशीचं खोटं संकट होतं बस आणि ट्रकच्या टकरीचं, पुलावर.

सकाळचा पहिला डाव पार फसला. प्रत्येक फोन तहसीलदार बाई स्वतः घेत होत्या, प्रत्येकाला स्वतः उत्तर देत होत्या, आणि पाचव्या निरोपापर्यंत त्यांना कळेना की रुग्णवाहिका पुलाच्या कुठल्या टोकाला पाठवलीय. निरीक्षक खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "मॅडम, रोडवर काय बी झालं की आधी आमची गाडी जाती. तहसीलच्या खुर्चीत बसून त्यातलं काय कळणार हाय?"

बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "साहेब, तुमची गाडी आधी जाते ते खरं. पण तुमच्यामागून येणाऱ्या पाच गाड्यांना वाट कोण दाखवणार, ते आपण ठरवतोय."

"ते आपोआप ठरतं," ते म्हणाले.

चहा झाला. दुसरा डाव मांडला. कागदावरचे माझे निरोप एकेक करून सुटायला लागले, कॉन्स्टेबल ते मोठ्यानं वाचून दाखवत होती. आणि मधेच बिनतारी खरखरली.

"टँकर पलटी झालाय वळणावर. गॅसचा. लई वास येऊन राहिलाय. डायवर आत अडकलाय. गाड्या पाठवा."

सभागृहात हसू पिकलं. निरीक्षक माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडमनी नवी पुडी सोडली."

कॉन्स्टेबल पण हसली. बटण दाबून म्हणाली, "अहो, निरोपाच्या आधी सराव म्हणा. नियम हाय."

"कसला सराव, बाई?" पलीकडचा माणूस ओरडला. "हितं गॅस हाय! मी हायवेच्या ड्युटीवरनं बोलतोय. नळीतून पाण्यासारखा आवाज येऊन राहिलाय."

कॉन्स्टेबलनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं, ते माझ्या कबुलीची वाट बघत होते. माझ्या हातात निरोपांची चळत होती. त्यात टँकर नव्हता.

"सराव बंद," मी म्हटलं. माझाच आवाज मला चिरका वाटला. "हा निरोप माझा नाही."

मग सगळे एकदम उठले. खुर्च्या पडल्या, फोन कानाला लागले, जो तो दाराकडं निघाला. आणखी थोडा वेळ गेला असता तर सभागृह रिकामं झालं असतं आणि सहा खात्यांच्या सहा जीपा एकाच वळणावर, गॅसच्या वासात, इंजिनं चालू ठेवून उभ्या राहिल्या असत्या.

"बसा," तहसीलदार बाई म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. पण त्या दार अडवून उभ्या होत्या, आणि त्यांना बाजूला सारल्याशिवाय कुणाला बाहेर जाता येणार नव्हतं.

"सगळे इथंच आहेत. नकाशा इथं आहे, बिनतारी इथं आहे. यापेक्षा चांगली जागा आपल्याला मिळणार नाही. बसा."

माणसं बसली. बाई अग्निशमनच्या साहेबांकडं वळल्या. "साहेब, आधी काय?"

कॉन्स्टेबलनं बिनतारीवर जागा विचारून सांगितली, आणि साहेबांनी नकाशावरच्या त्या वळणावर बोट ठेवलं. वळणाच्या उत्तरेला एक गाव होतं, दक्षिणेला उसाचं रान, मधून एक कोरडा ओढा. "हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर जात न्हाई. जमिनीवरनं सरपटत जातो, नाल्यानं, चरीनं. दिसत न्हाई. जिथं ठिणगी भेटंल तिथनं मागं टँकरपर्यंत पेट घेतो. म्हणून पहिलं काम पाण्याचं न्हाई, ठिणगीचं. चूल, बिडी, बटण, गाडीचं इंजिन, सगळं बंद."

"माझी माणसं निघालीत," निरीक्षक म्हणाले. फोन अजून त्यांच्या हातात होता.

"कुठल्या बाजूनं?"

निरीक्षकांनी नकाशाकडं बघितलं.

"वारं आत्ता दक्षिणेकडनं वाहून राहिलंय. गावाच्या बाजूनं गेली असतील तर सरळ गॅसमधी शिरतील, साहेब. जीप तशीच चालू."

निरीक्षकांनी फोन कानाला लावला. जीप गावच्या फाट्यावर थांबली. फाट्याच्या पलीकडं वास येतोय, असं तिकडून सांगितलं गेलं.

मग बाईंनी एक गोष्ट केली जी सकाळी त्यांना जमली नव्हती. त्या म्हणाल्या, "जागेवर शब्द अग्निशमनच्या साहेबांचा. पोलीस, वीज, रुग्णवाहिका, तिथं जो असेल तो त्यांचं ऐकेल. मी इथून माणसं, गाड्या, पाणी पुरवते. निरीक्षक साहेब, चालेल?"

निरीक्षकांनी ओठ दाबले. सगळ्यांसमोर तो शब्द गिळणं त्यांना सोपं गेलं नाही, ते दिसत होतं. "चालेल," ते म्हणाले, आणि अग्निशमनच्या साहेबांबरोबर बाहेर पडले.

बाई मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फळ्याशी उभ्या राहा. जी बातमी येईल ती तिथंच लिहायची. दुसरीकडं कुठंही नाही."

शिकवणाऱ्यानं डावात उतरायचं नसतं. मी खडू उचलला.

त्यानंतरचं सगळं मी ऐकलं, बघितलं काहीच नाही. बघता येतं तेव्हा पाय तरी कुठंतरी पळतात. नुसतं ऐकताना सगळं पोटात साठत जातं. नांदेडकडून येणारी वाहनं दूरवर अडवली. लातूरकडची अडवली. एसटीच्या आगारानं गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवल्या. साखर कारखान्याचा बंब निघाला, लातूरचा निघाला. गॅस कंपनीची माणसं येतायत पण त्यांना वेळ लागेल. प्रत्येक ओळ फळ्यावर चढत होती आणि माझ्या बोटांना घाम सुटून खडू निसटत होता.

मग भांडण झालं, विजेवरून. अग्निशमनचे साहेब तिकडून म्हणाले, गावची वीज ताबडतोब तोडा. निरीक्षक त्याच बिनतारीवर म्हणाले, तोडू नका, देवळाच्या भोंग्यावरनं लोकांना बाहेर काढून राहिलोय, वीज गेली की भोंगा गेला. दोघांचं खरं होतं. अभियंता फोन हातात धरून बाईंकडं बघत राहिले. त्यांच्या एका शब्दावर उपकेंद्रातला माणूस बटण ओढणार होता.

"भोंग्यावरनं किती वेळा सांगून झालंय?" बाईंनी विचारलं.

"दोन-तीनदा," निरीक्षक म्हणाले.

"मग आता माणसं घरोघरी पायी पाठवा. अभियंता साहेब, तोडा."

वीज गेली. ज्या घरात कुणी गाढ झोपलेलं असेल, ज्याच्या कानावर भोंगा पडला नसेल, त्याच्यापर्यंत आता पायीच पोचायला लागणार होतं. डॉक्टरांनी दोन आशाताईंना फोन लावला. गावातलं कुणाचं म्हातारं माणूस उठू शकत नाही हे त्यांना तोंडपाठ असतं. वर्षानुवर्षं घरोघरी फिरताना असं पाठ होऊनच जातं.

चालकाला बाहेर काढल्याचा निरोप आला तेव्हा सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी नुसता हात वर केला आणि टाळी थांबली. चालकाचा पाय चेंगरला होता, पण तो बोलत होता. त्याच्याबरोबरचा क्लीनर सापडत नव्हता.

दुपार चढत गेली. ग्रामसेवकाचा निरोप आला, गाव रिकामं झालं. मी लिहिलं. थोड्या वेळानं पोलिसांचा आला, गाव रिकामं झालं. तोही लिहिला. दोन ओळी एकाखाली एक, अगदी सारख्या. लोकांना हायसं वाटलं. कुणीतरी पाण्याची बाटली फिरवली.

तेवढ्यात अग्निशमनच्या साहेबांचा आवाज आला. "वारं फिरून राहिलंय. आता उत्तरेकडनं येतंय. म्हणजे वास गावाकडनं हटला, रानाकडं वळला."

"चांगलंच झालं," डॉक्टर म्हणाले. "रान रिकामंच आहे."

मी फळ्याकडं बघत होते. दोघांनी कळवलं होतं, गाव रिकामं. रानाबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं. रान कुणाच्या वाटणीला आलंच नव्हतं. मी मागं वळून विचारलं, "ओढ्याच्या दक्षिणेला कुणी गेलंय का?"

ग्रामसेवकाला फोन लावला. तो म्हणाला, आपल्या गावची हद्द ओढ्यापर्यंत. पोलिसांना विचारलं. ते म्हणाले, वस्ती न्हाई तिकडं, नुसता ऊस हाय.

तहसीलदार बाई नकाशावर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"सकाळी येताना मी तिकडं धूर बघितला होता," त्या म्हणाल्या. "उसाच्या कडेला. कोप्या आहेत तिथं. तोडणाऱ्यांच्या."

कोप्या म्हणजे ऊसतोड कामगारांची पाचटाची खोपटी. वाळलेल्या उसाच्या पाल्याची. टोळी आली की एका दिवसात उभी राहतात, तोडणीचा फड संपला की मोडतात. ती माणसं बीडकडची, कुठकुठली. त्यांचं नाव इथल्या कुठल्याच गावात नसतं. मोठी माणसं दिवसभर फडात, आणि कोप्यांत असतात पोरं. चुलींसकट.

बाईंनी बिनतारी स्वतःच्या हातात घेतली. निरीक्षकांना सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मग निरीक्षक म्हणाले, "मी जातो. दोघं सोबत घेतो. पायी."

"फडातल्या माणसांना आधी गाठा," बाई म्हणाल्या.

"एक जण फडाकडं, दोघं कोप्यांकडं."

मधेच अग्निशमनचे साहेब बोलले. "वाऱ्याच्या बाजूनं वळसा घालून जा. ओढ्यात उतरू नका, काही झालं तरी. आणि साहेब, वॉकी-टॉकी बंद करा. मोबाइल पण. खिशातली काडीपेटी असंल तर हितंच ठेवा."

"हाव," निरीक्षक म्हणाले. खट् आवाज झाला आणि त्यांची बिनतारी बंद झाली.

नंतर जी शांतता पसरली तिच्यात मी किती वेळ उभी होते, ते मला आजही सांगता येणार नाही. बाकीचं काम चालूच होतं. बाई पाण्याचे टँकर कुठं उभे करायचे ते सांगत होत्या, शाळेत नेलेल्या गावकऱ्यांच्या जेवणाचं बघत होत्या. पण खोलीतला प्रत्येक माणूस एका कानानं बिनतारी ऐकत होता. कॉन्स्टेबलनं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते. एकदा रस्त्यावरून ट्रॅक्टरचा फाटकन आवाज आला, सायलेन्सरचा साधा बार, आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. कुणी हसलं नाही.

माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहिते. माझ्या कागदावरच्या संकटांत मी आजपर्यंत किती माणसं जखमी केली, किती घरं जाळली, आणि चहाच्या वेळेला ती सगळी परत जिवंत करून खोक्यात भरली. इथं चहाची वेळ होऊन गेली होती. मी एकदा बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं न बघताच हळूच म्हणाल्या, "त्यांना मी पाठवलंय." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

निरोप आला तो बिनतारीवर आला नाही. डॉक्टरांच्या फोनवर आला, अनोळखी नंबरवरून. पलीकडच्या शिवारातल्या कुणा शेतकऱ्याचा फोन एका शिपायानं मागून घेतला होता.

"आलेत सगळे. पोरं बी, फडातली माणसं बी. एक बाळंतीण बाई हाय, चालवत न्हाई तिला. रुग्णवाहिका दक्षिणेच्या रस्त्यानं पाठवा."

डॉक्टर फोन कानाला धरूनच धावत सुटले. कॉन्स्टेबल रुमालानं डोळे पुसत होती. बाई खुर्चीत बसल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदा बसलेल्या मी बघितल्या.

संध्याकाळच्या सुमारास कंपनीच्या माणसांनी गळती बंद केली आणि गॅस दुसऱ्या टँकरमध्ये घेतला. आग लागली नाही. क्लीनर मात्र वाचला नाही. टँकर उलटताना तो बाहेर फेकला गेला होता आणि उसात पडला होता. पडल्या जागीच गेला, डॉक्टर म्हणाले, लवकर सापडला असता तरी काही करता आलं नसतं. तो कुठल्या गावचा होता ते शोधून त्याच्या घरी फोन करायचं काम बाईंनी कुणावर टाकलं नाही. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

गावची माणसं पाहुण्यांकडं गेली, काही शाळेत थांबली. टोळीला जायला जागा नव्हती, म्हणून त्यांना आमच्याच सभागृहाच्या आवारात आणलं. निरीक्षक जीपमधून उतरले तेव्हा बुटांना चिखल होता आणि अंगात नुसता बनियन. खाकी शर्ट कुठं गेला ते कळायला वेळ लागला नाही. त्यात गुंडाळलेलं बाळ डॉक्टरांच्या हातात होतं.

पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं, आवाज पार बसलेला. "कोपीत वाकून आत गेलो, मॅडम, तर बाजेखाली शेगडी. गोवऱ्यांचा विस्तव. वरनं ओवा टाकलेला, धूर नुसता. बाळंतिणीला शेक देऊन राहिले होते. आणि बाहेर वास येऊन पोचलेला."

"मग?"

"सासू दारात आडवी झाली. म्हणती, पोराला थंडी बाधंल, विस्तव इझवू न्हाई देणार. दुसरा कुणी असता तर मी बाजूला लोटला असता. तिला लोटता येईना. हात जोडले. म्हणलं, आई, माझ्या अंगावरचं घे, पण एवढी शेगडी इझवू दे. शर्ट काढून दिला तवा तिनं वाट सोडली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "होते तेवढे हंडे ओतले. शेगडीवर, चुलींवर. राखेखाली निखारे होते, सगळ्याच चुलींत."

त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढ्यात टोळीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "सायेब, आमचं पाणी समदं सांडलंत. लांबनं आणावं लागतंय ते. आता रातच्याला काय प्यावं पोरांनी?"

निरीक्षक उठले. आवारातल्या पाण्याच्या टँकरकडं गेले, आणि त्या बाईचा हंडा नळाखाली धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच टेबलाभोवती बसलो. काय जमलं, काय हुकलं, हे आठवण ताजी असतानाच बोलायचं असतं. पुष्कळ जमलं होतं. पण कोप्यांचं आम्हाला उशिरा सुचलं आणि त्यातही सकाळचा धूर बाईंच्या नजरेस पडला होता म्हणून सुचलं, हे कुणी झाकलं नाही.

निरीक्षकांनी विचारलं, "नकाशात कोप्या दाखवायच्या कुठं? त्या तर हलून राहतात. आज हितं, उद्या तिथं."

अग्निशमनचे साहेब म्हणाले, "कारखान्याला ठाऊक असतंय. आज कुठल्या फडात कुठली टोळी, त्याशिवाय त्यांची वाहनं कशी जातील?"

बाईंनी तिथूनच कारखान्याच्या शेतकी विभागाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं तालुक्यातली एकूण एक टोळी जागेसह सांगितली. मग विचारलं, का हो, काय झालं? आजवर कुणी विचारलं न्हाई आम्हाला. आम्ही जागा नकाशावर मांडल्या, पेन्सिलीनं, पुसता येतील अशा. दर सोमवारी हे विचारून नकाशा नवा करायचं ठरलं. पण विचारायचं कुणी? प्रत्येक खात्याला दुसऱ्या खात्याचं ते काम वाटत होतं.

"आमचं ठाणं विचारील," निरीक्षक म्हणाले.

खरं सांगायचं तर माझा फारसा विश्वास बसला नाही. अशा बैठकांत ठरलेलं किती टिकतं ते मी बघत आलेय. माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर ठरलेलंही जातं. पुढच्या वर्षी तहसीलदार बाईंची बदली झाली. निरीक्षकही दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

यंदा हंगाम सुरू झाल्यावर, नांदेडला घरी भाजी निवडत बसले असताना, मला एकदम राहवेना. मी त्या ठाण्यात फोन लावला. कुणीतरी तरुण आवाजाचा माणूस होता. मी स्वतःची ओळखही दिली नाही, सरळ विचारलं, "सध्या तुमच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्या कुठं कुठं उतरल्यात?"

"थांबा, सांगतो," तो म्हणाला. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो सांगायला लागला, एकेक शिवार, विहिरीजवळ, कॅनॉलच्या कडेला, बाभळीखाली. मधेच त्याला भान आलं.

"पण ताई, आपण कोण बोलून राहिल्या?"